आधी ओळख, मग रक्त: डेट्रॉइटच्या ज्येष्ठांचं एक प्रकरण

माझ्या आईच्या कपाटात बँकेच्या पासबुकात घालून ठेवलेली एक चिठ्ठी आहे, तिच्यावर फक्त एक नंबर आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात एका संस्थेची टीम आली होती. बीपी-शुगर मोफत तपासणार, हाताची पकड किती घट्ट आहे ते मशीनवर बघणार, स्मरणशक्तीचे प्रश्न विचारणार आणि थोडं रक्त घेणार असं सांगितलं होतं. सकाळी आठला सगळे उपाशीपोटी रांगेत, मग उपमा-चहा, भेट म्हणून पाण्याची एकेक बाटली, आणि फॉर्मवर सह्या. आईला ती चिठ्ठी दिली आणि म्हणाले, आजी, रिपोर्ट आला की या नंबरवरून कळेल. रिपोर्ट काही आला नाही. संघाच्या सेक्रेटरी काकांनी दोन-तीनदा फोन केला, मग तो फोनच बंद लागायला लागला. आई अजूनही मधूनच विचारते, "अगं, त्या लोकांनी रक्त नेलं होतं, त्याचं काय झालं गं?"

मला याचं जास्त वाईट वाटतं कारण मी स्वतः आरोग्याच्या सर्व्हेची कामं केली आहेत. गावोगाव फिरून, ओट्यावर बसून आजी-आजोबांचे फॉर्म भरून घेतलेत, आणि त्यातल्या बहुतेकांकडे मी पुन्हा कधी गेलेली नाही. प्रोजेक्ट संपला की गाडी निघून जाते. म्हणून ज्येष्ठांना कार्यक्रमांमधून रिसर्चमध्ये आणणं हा विषय निघाला की मला एक प्रकरण नेहमी आठवतं, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचं. तिथे हे काम १९९७ मध्ये सुरू झालं आणि ते ज्या पद्धतीने बांधलंय ती पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे, त्यातल्या अडचणींसकट.

आधी शहर कसं आहे ते. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं शहर. १९५० साली तिथे साडेअठरा लाख लोक राहायचे, २०१० च्या जनगणनेत उरले सव्वासात लाखांच्या आत. कारखाने हलले, गोरी वस्ती उपनगरांत गेली, १९६७ च्या दंगलीत ४३ माणसं मेली, आणि २०१३ मध्ये तर महापालिकेनेच दिवाळखोरी जाहीर केली. २०१० मध्ये शहरातल्या दर दहा माणसांत आठ कृष्णवर्णीय होते. यातले जे आज म्हातारे आहेत त्यातले कितीतरी जण लहानपणी आईवडिलांबरोबर दक्षिणेतल्या अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी अशा राज्यांतून इथे आले, आपल्याकडे कोकणातली किंवा साताऱ्याकडची माणसं गिरणीत कामाला मुंबईत आली तशीच. आणि गावाकडच्या आठवणीसुद्धा त्यांनी बरोबर आणल्या. त्यातली एक आठवण या सगळ्या प्रकरणाच्या तळाशी आहे, तिच्यावर जरा थांबते.

अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीत, टस्कीगी गावाच्या आसपास, अमेरिकन सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने १९३२ मध्ये एक अभ्यास सुरू केला. सिफिलिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार झालेले ३९९ कृष्णवर्णीय पुरुष आणि आजार नसलेले २०१. बहुतेक सगळे दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारे गरीब शेतकरी. त्यांना सांगितलं की तुमचं रक्त खराब आहे, आम्ही उपचार करतोय. खरं तर आजार तसाच सोडला तर माणसाचं काय होतं हे फक्त बघायचं होतं. पाठीच्या कण्यातून पाणी काढायची वेदनादायक तपासणी करायची होती तेव्हा त्यांना पत्रं पाठवली की खास मोफत उपचाराची ही शेवटची संधी आहे. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हे या आजारावरचं नेहमीचं औषध झालं होतं, तरी या माणसांना ते दिलं नाही. चाळीस वर्षं हे चाललं. आतल्या एका माणसाने, पीटर बक्स्टनने, पत्रकारांपर्यंत बातमी पोचवली आणि जुलै १९७२ मध्ये ती छापून आली, तेव्हा कुठे थांबलं.

ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण ती माणसं चाळीस वर्षं येत कशी राहिली, हा भाग फारसा कुणी सांगत नाही, आणि आपल्या विषयासाठी तोच महत्त्वाचा आहे. त्यांना बंदुकीच्या धाकाने आणलेलं नव्हतं. युनिस रिव्हर्स नावाची एक नर्स होती, त्याच भागात काम करणारी, त्यांच्याच समाजातली, ती गाडीतून त्यांना तपासणीला न्यायची, घरी चौकशी करायची, बायकामुलांना नावाने ओळखायची. तपासणीच्या दिवशी गरम जेवण असायचं. मेल्यावर शवविच्छेदन करू दिलं तर अंत्यविधीसाठी पैसे मिळायचे, आणि गरीब माणसाला आपली माती नीट व्हावी याची किती काळजी असते ते आपल्याला वेगळं सांगायला नको. २५ वर्षं झाली तेव्हा प्रत्येकाला सर्टिफिकेट आणि २५ डॉलर दिले, वर्षाला एक डॉलर.

म्हणजे बघा, येण्याजाण्याची सोय होती, जेवण होतं, ओळखीची माणूस होती, सत्कार होता. ज्येष्ठांचा सहभाग कसा वाढवावा याबद्दल आज ट्रेनिंगमध्ये जे जे सांगतात त्यातलं जवळपास सगळं तिथे होतं. नव्हतं ते एवढंच, की त्या माणसांना खरं काय चाललंय ते माहीत नव्हतं आणि थांबवायचा अधिकार त्यांच्यातल्या कुणाच्याच हातात नव्हता. त्यामुळे कुणी मला सांगितलं की आमच्या शिबिराला चारशे ज्येष्ठ आले, जेवण उत्तम होतं, फोटो छान आले, तर मला तेवढ्याने काहीच कळत नाही.

१६ मे १९९७ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी या प्रकाराबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली. त्या वेळी त्यातले आठ जण जिवंत होते. आणि त्याच १९९७ मध्ये डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनमध्ये हे दुसरं काम सुरू झालं. ॲन आर्बरची युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगन आणि डेट्रॉइट शहरातली वेन स्टेट युनिव्हर्सिटी यांनी मिळून शहरी कृष्णवर्णीय ज्येष्ठांवरच्या संशोधनासाठी एक केंद्र काढलं, पैसा केंद्र सरकारच्या वार्धक्यविषयक संस्थेचा. जेम्स जॅक्सन हे मोठे समाजमानसशास्त्रज्ञ त्याच्या मुळाशी होते. या केंद्राचा जो हात समाजात काम करतो त्याचं नाव हेल्दीअर ब्लॅक एल्डर्स सेंटर.

प्रश्न साधा होता. कृष्णवर्णीय ज्येष्ठांमध्ये ब्लडप्रेशर, डायबिटीस जास्त, अल्झायमर आणि इतर स्मृतिभ्रंशाचं प्रमाण गोऱ्या ज्येष्ठांच्या साधारण दुप्पट धरलं जातं, आणि तरी औषधांच्या चाचण्यांमध्ये, अभ्यासांमध्ये हेच लोक कमी. डॉक्टर म्हणायचे ते येत नाहीत. ते म्हणायचे आम्ही का यावं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या अल्झायमर असोसिएशनने जो सर्व्हे छापला त्यात कृष्णवर्णीयांपैकी ६२ टक्के लोकांनी सांगितलं की वैद्यकीय संशोधन आमच्यासारख्यांच्या बाबतीत पक्षपाती असतं. म्हणजे माफी मागून २४ वर्षं झाली तरी हा आकडा.

डेट्रॉइटमध्ये त्यांनी काय केलं, तर अभ्यास आणि कार्यक्रम या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. ऐकायला छोटं वाटतं पण सगळा फरक इथे आहे. आपल्याकडे शिबिर म्हणजेच अभ्यास असतो, माणूस दारातून आत आला की त्याच्या हातात फॉर्म. तिथे चर्चमध्ये, ज्येष्ठांच्या सेंटरमध्ये दुपारच्या जेवणाबरोबर एखादा विषय असतो, लंच अँड लर्न म्हणतात त्याला. विषय ब्लडप्रेशर, स्मरणशक्ती, औषधांच्या गोळ्या, पडणं, घरात कुणाला तरी सांभाळणाऱ्यांचा थकवा, पैशाची फसवणूक, असे रोजच्या जगण्यातले. जेवायचं, ऐकायचं, प्रश्न विचारायचे आणि घरी जायचं, कुणी रक्त मागत नाही. वर्षातून एकदा मोठा मेळावा होतो आणि त्याला शेकड्यांनी माणसं येतात. नटूनथटून येतात, मैत्रिणी मैत्रिणी मिळून येतात, वर्षभराने भेट होते.

या कार्यक्रमांत एक यादी ठेवलेली असते. वय ५५ किंवा जास्त असेल आणि तुम्हाला वाटलं तर त्यात नाव द्यायचं, तब्येतीची थोडी माहिती द्यायची. नाव दिलं म्हणजे कुठल्याही अभ्यासाला हो म्हटलं असं होत नाही, पुढे कधी तुमच्याजोगा अभ्यास आला तर आम्ही विचारू का, एवढीच ती परवानगी. त्या वेळीसुद्धा नाही म्हणता येतं. वर्षानुवर्षं हे करून यादी हजाराच्या वर गेली. हजार हा आकडा ऐकून कुणी म्हणेल एवढंच का, पण ही हजार माणसं स्वतःहून नाव दिलेली, फोन केला तर कोण बोलतंय हे ओळखणारी आहेत. ज्याने कधी फील्डवर काम केलंय त्याला याची किंमत कळेल.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या यादीपर्यंत पोचायचं असेल तर संशोधकाला आधी एका मंडळासमोर जावं लागतं. हे सल्लागार मंडळ डेट्रॉइटमधल्याच ज्येष्ठांचं. त्यांना संशोधनाची पद्धत, नीतिनियम याचं शिक्षण दिलेलं असतं. संशोधक येऊन सांगतो मला काय करायचंय, किती माणसं हवीत, त्यांना किती वेळ बसावं लागेल, मोबदला काय देणार. आणि समोर बसलेल्या ज्येष्ठ बायका विचारतात. हे कशासाठी, हे आमच्या बायकांना कळेल अशा भाषेत लिहिलंय का, एवढ्या लांब यायचं तर गाडीचं काय, आणि शेवटी आम्हाला काय सांगायला परत येणार आहात की नाही. युनिव्हर्सिटीची जी नेहमीची नैतिक समिती असते तिची मंजुरी वेगळी, ती तर हवीच, पण इथे ज्यांच्यावर अभ्यास होणार तीच माणसं आधी नजर फिरवतात.

मला हा भाग वाचताना आमच्या गावाकडच्या लग्नाच्या बैठकी आठवतात, जिथे मुलाकडचे कितीही शिकलेले असले तरी मुलीच्या आत्याच्या प्रश्नांना उत्तर द्यावंच लागतं. पीएचडी झालेल्या माणसाला सत्तरीतल्या निवृत्त बाईंना आपला अभ्यास साध्या शब्दांत समजावून सांगावा लागतो आणि तो सांगता आला नाही तर तो अभ्यासच अजून कच्चा आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

परतफेड कशी होते त्याचं एक उदाहरण. वेन स्टेटच्या वार्धक्यशास्त्र संस्थेत पीटर लिख्टेनबर्ग यांनी बरीच वर्षं ज्येष्ठांच्या आर्थिक फसवणुकीवर काम केलं. वय झालेला माणूस पैशाचा निर्णय समजून घेतोय की कुणाच्या दबावाखाली, हे तपासायच्या प्रश्नावल्या त्यांनी तयार केल्या. एवढ्यावर पेपर छापून झालं असतं. पण त्यातूनच ज्यांची फोनवरून फसवणूक झालीये, ओळखपत्राची चोरी झालीये अशा ज्येष्ठांना एकेकाजवळ बसून मोफत मदत करायची सेवाही उभी राहिली, बँकेला पत्र कसं लिहायचं, क्रेडिट रिपोर्ट कसा बघायचा. ज्या माणसाचे असे पैसे वाचले तो पुढच्या वेळी फॉर्म भरायला कुरकुर करेल का?

तसंच घरांचं. शहर सावरायला लागलं तशा डाउनटाउनमधल्या जुन्या बिल्डिंगांना भाव आला आणि २०१३ मध्ये ग्रिसवोल्ड नावाच्या इमारतीतल्या सवलतीच्या भाड्याने राहणाऱ्या ज्येष्ठांना घरं सोडायच्या नोटिसा मिळाल्या. टॅम पेरी या वेन स्टेटमध्ये समाजकार्य शिकवतात, ज्येष्ठांची घरं बदलणं हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय, त्या नुसतं निरीक्षण करत बसल्या नाहीत, ज्येष्ठांची घरं टिकवण्यासाठी शहरात जी आघाडी झाली तिच्यात त्या सामील झाल्या. काही लोक म्हणतील यात संशोधकाचा तटस्थपणा कुठे राहिला. मला विचाराल तर ८० वर्षांच्या बाईचं घर जात असताना वही घेऊन शेजारी उभं राहणं हाही काही तटस्थपणा नाही.

मग आलं २०२०. मार्च-एप्रिलमध्ये डेट्रॉइटला कोरोनाचा फार मोठा तडाखा बसला. मिशिगन राज्यात कृष्णवर्णीय लोक सुमारे १४ टक्के, पण सुरुवातीच्या त्या आठवड्यांत मरणाऱ्यांमध्ये त्यांचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास होता. चर्च बंद, मेळावा रद्द, दुपारची जेवणं बंद. ज्याच्यावर सगळं उभं होतं ते माणसांनी एकत्र बसणंच धोक्याचं झालं. आता त्या यादीचं काय करायचं?

त्यांनी फोन उचलले. यादीतल्या लोकांना फोन करायला सुरुवात केली, आणि ते फोन संशोधनासाठी नव्हते, तुम्ही कसे आहात, घरात खायला आहे का, औषधं संपली नाहीत ना, कुणाशी बोलता का दिवसभरात, हे विचारायला होते. पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याबद्दल लिहिलंय. त्या दिवसांत आपल्याकडेही किती जणांनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना असे फोन केले, मी स्वतः आमच्या सोसायटीतल्या दोन आजींना रोज करायचे, त्यामुळे त्या फोनचा अर्थ मला फार आतून कळतो. पण एखाद्या रिसर्च सेंटरकडे अडचणीच्या वेळी हाताशी हजारावर नावं, नंबर आणि समोरून उचलले जाणारे फोन आहेत, हे काही एका रात्रीत झालेलं नव्हतं, त्यामागे वीसहून जास्त वर्षांची जेवणं होती. चांगल्या काळात जे कार्यक्रम वेळखाऊ वाटायचे तेच त्या काळात कामाला आले.

आता अडचणी, कारण नुसतं कौतुक करून भागणार नाही. पहिली आणि मोठी म्हणजे कार्यक्रमाला येतं कोण. ज्याला चालता येतं, ज्याला नेणारं कुणीतरी आहे, ज्याला माणसांत मिसळायला आवडतं, तोच येतो. जो अंथरुणाला खिळलाय, ज्याला ऐकू येत नाही म्हणून तो बाहेर पडायचंच टाळतो, जिची सून तिला सोडत नाही, ती माणसं या यादीत येतच नाहीत, आणि खरं तर आजाराचा भार त्यांच्यावरच जास्त. डेट्रॉइटच्या यादीतही बायका खूप जास्त आणि पुरुष फार कमी. त्यामुळे या यादीवरून सगळ्या शहराच्या ज्येष्ठांबद्दल टक्केवारी सांगायला गेलं तर ती चुकेल. एखाद्या व्यायामाचा किंवा औषधाचा उपयोग होतो का हे बघायचं असेल तर अशी यादी चालते, पण किती टक्के ज्येष्ठांना अमुक आजार आहे हे काढायचं असेल तर घरोघरी जाऊन नमुना निवडण्याला पर्याय नाही. हा फरक कार्यक्रम घेणाऱ्यांनी डोक्यात पक्का ठेवायला हवा, नाहीतर संघाच्या हॉलमध्ये आलेल्या दोनशे माणसांवरून जिल्ह्याचे आकडे जाहीर होतात, असं मी होताना पाहिलंय.

दुसरी अडचण पैशाची. ही केंद्रं पाच-पाच वर्षांच्या अनुदानावर चालतात, दर वेळी पुन्हा अर्ज, आणि अर्जात विचारतात की तुमच्याकडून किती अभ्यासांना माणसं मिळाली, किती पेपर झाले. मेळाव्याला आलेल्या बाईंनी पहिल्यांदाच डॉक्टरला स्वतःहून प्रश्न विचारला, याचा रकाना त्या फॉर्ममध्ये कुठे असणार. तरी हे लोक टिकले, पुढे मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटी त्यांना येऊन मिळाली, आणि फ्लिंट शहरातही असंच सेंटर सुरू झालं. फ्लिंट म्हणजे तेच शहर जिथे २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि लोकांच्या नळाला शिसं मिसळलेलं पाणी आलं, आणि अधिकारी कितीतरी महिने सांगत राहिले की पाणी चांगलं आहे. तिथल्या ज्येष्ठांनी सरकारी माणसावर आणि कागदावर विश्वास का ठेवावा? तिथे तर सुरुवातच ऐकून घेण्यापासून करावी लागते.

इकडे आपल्याकडे बघितलं तर साहित्य सगळं आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं ९.९ टक्के होती, म्हणजे एक कोटीच्या वर, आणि आता नक्कीच जास्त. गावोगाव, वॉर्डावॉर्डात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रं आहेत, त्यांची राज्यपातळीवरची संघटना आहे, १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन जोरात होतो, वाढदिवस, सहली, कोजागिरी, व्याख्यानं, भजन सगळं चालू असतं. डेट्रॉइटच्या लोकांना जो गोतावळा वर्षानुवर्षं खपून जमवावा लागला तो आपल्याकडे आयता आहे. संशोधनही आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरात ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांचा जो मोठा अभ्यास केला त्यात कितीतरी मराठी घरांत टीम जाऊन आल्या, आणि पुण्याजवळ वढू परिसरातल्या गावांत केईएमच्या संशोधन केंद्राचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. कमी आहे ती मधली कडी. संघाकडे हॉल म्हणून बघतात आणि ज्येष्ठांकडे सॅम्पल म्हणून.

आणि आपल्याकडे टस्कीगी झालं नाही म्हणून विश्वास आपोआप आहे असं कुणी समजू नये. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात शाळकरी मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी लस देण्याचा जो अभ्यास झाला, त्यात वसतिगृहाच्या वॉर्डननी मुलींच्या वतीने सह्या केल्याचं पुढे आलं. त्या काळात काही मुलींचे मृत्यू झाले, ते लशीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही, पण संमती ज्या पद्धतीने घेतली तिच्यावर २०१३ मध्ये संसदेच्या समितीने कडक शब्दांत लिहिलं. लस चांगली असूनही लोकांच्या मनात भीती बसली ती बसलीच. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हेच जरा गोड रूपात होतं. सेक्रेटरी काकांनी सांगितलं म्हणून सही, डॉक्टर म्हणाले म्हणून सही, मुलगा म्हणाला "आई कर गं सही, काही होत नाही" म्हणून सही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की संमतीची माहिती त्या माणसाला कळेल अशा भाषेत हवी, वाचता येत नसेल तर ज्याचा त्यात काही संबंध नाही असा साक्षीदार हवा. कागदावर ते असतंच. पण उपाशीपोटी रांगेत उभ्या असलेल्या बाईला चार पानांचा फॉर्म दिला आणि मागे साठ माणसं उभी आहेत, तिथे कळणं कुठून होणार.

म्हणून डेट्रॉइटमधलं काही उचलायचं तर मेळावा उचलू नका, मेळावे आपल्याला चांगले जमतात. उचलायचं ते मंडळ. संघातल्याच पाच-सहा जणांचं, त्यात निम्म्या तरी बायका असाव्यात, एखादी निवृत्त नर्स, एखादे शिक्षक, एखादी धुणीभांडी करून निवृत्त झालेली मावशी जरूर असावी कारण तिचे प्रश्न बाकीच्यांना सुचत नाहीत. आणि पहिल्या भेटीत सुई नको. आधी एक-दोन वेळा येऊन बोला, त्यांना काय जाणून घ्यायचंय ते ऐका, आमच्या संघात विचारलं तर बहुतेकांनी गुडघे आणि झोप सांगितली, हृदयरोग कुणीच नाही. मग संमतीचा कागद घरी न्यायला द्या, दोन दिवसांनी सही घ्या.

आमच्या संघाने आता हे ठरवलंय. मी आणि आई दोघीही त्या छोट्या समितीत आहोत. मागच्या महिन्यात एका कॉलेजातून फोन आला होता की साठीपुढच्या लोकांच्या तोल जाण्यावर अभ्यास करायचाय, हॉल मिळेल का. सेक्रेटरी काकांनी सांगितलं हॉल मिळेल पण आधी आमच्याशी बोलायला या, मशीन न आणता. त्या मुलीने जरा वेळ घेतला, मग हो म्हणाली, तिच्या मॅडमना घेऊन येत्या गुरुवारी येतेय. प्रश्न काढून ठेवलेत, रिपोर्ट कधी देणार, कोण देणार, मराठीत देणार का, तुमचा फोन बंद लागला तर दुसरा कुणाचा नंबर, अभ्यास झाल्यावर निष्कर्ष सांगायला परत कधी येणार. आईने ती जुनी चिठ्ठी पासबुकातून काढून पर्समध्ये ठेवलीये. ही ती संस्था नाही हे तिला माहितीये, तरी दाखवायचीच आहे म्हणते.